पहिला संसार, मोजकी भांडी

लग्नसराई संपते, मांडव उतरतो, पाव्हणे-रावळे आपापल्या गावी जातात आणि मग नव्या जोडप्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो तो चुलीचा. थोरल्या घरात जागा पुरत नाही म्हणून दोघे वस्तीतच एक खोली घेतात, नाहीतर कामासाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातात. खोलीत पाऊल टाकले की कळते, अहेरात स्टीलचे पाच तांबे आले, सरबताचे ग्लास आले, काचेचा सेट आला. पण भाकरी टाकायला तवा नाही आणि वरण शिजवायला गंज नाही.

अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर आईच्या घरची, सासूच्या घरची फुटकी-तुटकी भांडी गोळा करून दिवस काढले जातात. नाहीतर लोक काय म्हणतील या भीतीने हप्त्यावर सगळा बाजार एकदम घरात आणला जातो. दोन्ही गोष्टी टाळता येतात, असे आम्हाला वाटते. म्हणून आज लोणारसारख्या गावात, हातावर पोट असलेल्या जोडप्याने पहिले स्वयंपाकघर कसे उभे करावे, याचा हिशेब आपण मांडू.

भांड्याची गोष्ट साधी नाही

आपल्या समाजाला भांड्याची किंमत वेगळी सांगायला नको. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने फुटक्या भांड्यांत जेवावे असा नियम घालून दिलेला आहे. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी ती मनुस्मृती जाळली. तरी गावागावांत नियम चालूच राहिला. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी अस्पृश्यांपैकी बऱ्या परिस्थितीतल्या काही घरच्या बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. एवढ्यावरून त्यांना मारहाण झाली. ही घटना बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या त्या गाजलेल्या भाषणात नोंदवून ठेवली आहे. त्या बायांचा अपराध एवढाच की त्यांच्या डोक्यावर मातीचे मडके नव्हते, धातूचे भांडे होते.

म्हणून आपल्या घरातली आई-आजी धुणेभांडे झाल्यावर फळीवर घासलेली भांडी ओळीने मांडते आणि त्यांच्याकडे क्षणभर पाहत उभी राहते, त्यामागे मोठा इतिहास आहे. चांगल्या धड भांड्यात शिजवून खाणे हा आपला हक्क आहे. पण तोच हक्क सावकाराच्या वहीत नाव लिहून मिळवायचा नाही. बुद्धांनी सिगाल या तरुण गृहस्थाला प्रपंचाचा हिशेब सांगितला, त्यात मिळकतीचा एक भाग अडचणीच्या दिवसांसाठी राखायला सांगितले आहे. नवा संसार मांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. हाती असलेला सगळा पैसा भांड्यांत घालू नये.

आठ हजारांचा हिशेब

समजा, लोणारमधलेच एक जोडपे आहे. तो गवंड्याच्या हाताखाली काम करतो. ती हंगामात सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला जाते. दोघांनी मिळून भांड्यांसाठी ८,००० रुपये बाजूला काढले. शेगडी-सिलिंडरचा खर्च यात धरलेला नाही. या पैशाचे दहा सारखे वाटे करावेत.

शिजवायची भांडी: ४ वाटे, म्हणजे ३,२०० रुपये.
पाण्याची भांडी: २ वाटे, १,६०० रुपये.
धान्याचे व किराण्याचे डबे: २ वाटे, १,६०० रुपये.
ताट, वाटी, पेला: १ वाटा, ८०० रुपये.
हाताची अवजारे, म्हणजे पळी, सराटा, सांडशी, विळी वगैरे: १ वाटा, ८०० रुपये.

हाती निम्मे पैसे असले तरी वाटे हेच ठेवावेत. आपल्याकडे नेमके उलटे होते. दिसायला छान म्हणून ताट-पेल्यांवर आणि डब्यांवर पैसा जातो, आणि ज्याच्यावर रोजचे पोट अवलंबून तो तवा पातळ, स्वस्तातला येतो.

खरेदीही एका दिवसात उरकू नये. पहिल्या दिवशी तवा, परात, दोन गंज, पळी, सराटा, सांडशी, विळी, दोन ताटे, एक तांब्या आणि पाण्याला घागर एवढे पुरते. पहिल्या आठवड्यात कुकर, कढई आणि मिठा-मिरचीचे डबे घ्यावेत. मग पंधरा दिवस थांबावे. या पंधरा दिवसांत शेजारणीकडून कोणती वस्तू किती वेळा मागून आणावी लागली, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. जी वस्तू तीनदा मागावी लागली ती पुढच्या बाजारात आधी घ्यावी. जी एकदाही लागली नाही ती यादीतून काढून टाकावी.

यादी करताना छापील पाककृतींची पुस्तके समोर ठेवून उपयोग नाही. त्यांतले स्वयंपाकघर दुसऱ्याच घरचे असते. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्यापिण्याची नोंद करणारे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आले, तोवर आपल्या चुलीवर काय शिजते याची कोणी फारशी दखलच घेतली नव्हती. आपल्या घरी ज्वारीची भाकरी, वरण, बेसन, आंबाडीची भाजी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कधीमधी रस्सा होतो. भांडीही त्यालाच लागतील तेवढी घ्यावीत. भाकरी हाताने थापतात, तिला पोळपाट लागत नाही. परात किंवा जुनी लाकडी काठवट पुरते. पोळपाट-लाटणे दुसऱ्या महिन्यात आले तरी चालते.

लोखंड, जर्मन, स्टील, पितळ

तवा आणि कढई लोखंडाची घ्यावी. लोखंडी कढईत शिजवलेल्या भाजीत थोडे लोह उतरते, आणि महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. कढईने आजार बरा होत नाही, दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. पण रोजच्या जेवणातून जेवढे मिळेल तेवढे हवेच. नवा तवा आधी राखेने खसखसून घासावा, धुऊन तापवावा, तेलाचा हात लावून त्यावर अर्धा कांदा फिरवावा. असे दोन-तीनदा केले की भाकरी चिकटत नाही. आंबट भाजी लोखंडात काळी पडते, म्हणून ती झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी. कढई ओली ठेवू नये, गंज चढतो. बिडाचा तवा चांगला तापतो, पण हातातून पडला की फुटतो आणि जडही असतो. वारंवार घर बदलणाऱ्यांनी तो विचार करूनच घ्यावा.

अ‍ॅल्युमिनियमला आपल्याकडे जर्मन म्हणतात. जर्मनचा गंज स्वस्त, हलका आणि लवकर तापणारा. पाणी तापवायला, भात शिजवायला ठीक. चिंच, आंबाडी, ताक असले आंबट पदार्थ मात्र त्यात शिजवू नयेत आणि रात्रभर ठेवू तर मुळीच नयेत. दुसरे पथ्य खाराचे. लोणारच्या माणसाला खाराचा गुण नव्याने शिकवायला नको. आपल्या सरोवराचे पाणी खारट आणि क्षाराचे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. खार मळ काढतो, म्हणूनच तो साबणाच्या कामी येतो. पण तोच खार जर्मनच्या भांड्याला खातो. धुण्याचा सोडा किंवा चुलीची राख लावून जर्मन घासले की ते काळे पडते आणि झिजते. त्याला साधा भांड्यांचा साबण आणि नारळाची काथी बरी. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकायची सवयही सोडावी. त्याने डाळीतली जीवनसत्त्वे कमी होतात. डाळ अर्धा तास भिजत घातली तर सोड्याची गरजच उरत नाही.

स्टील घेताना बूड पाहावे. पातळ बुडाच्या गंजात भात खाली लागतो आणि वर कच्चा राहतो. भांडे हातात तोलून पाहावे, बोटाने वाजवावे, कडा नीट वळवली आहे का ते पाहावे. धारदार कडेने घासताना हात कापतो. कान किंवा दांडी असेल तर रिबीट हलवून बघावी. काही दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात आणि चिकटत नाही म्हणजे माल अस्सल, असे सांगतात. ही परीक्षा पुरी नाही. हलक्या प्रतीच्या काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही. किलोवर मिळणारे भांडे आपल्यासमोर वजन करून घ्यावे, आणि पावती मागावी.

आजीच्या घरचे पितळेचे गुंड, तांब्याची घागर मोडीत घालून त्या बदल्यात चकचकीत स्टील आणण्याची घाई करू नये. पितळ आणि तांबे यांचा मोडीचा भाव स्टीलच्या मोडीपेक्षा कितीतरी जास्त असतो. घालायचेच असेल तर दोन दुकानांत भाव विचारावा, वजन घरी एकदा करून जावे. पितळेच्या भांड्यात शिजवायचे असेल तर कल्हई हवीच. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट शिजवणे धोक्याचे आहे. पाणी भरायला ते गुंड पुढची तीस वर्षेही कामी येईल.

मिक्सरची घाई नको. आपल्या भागातला काळा दगड पाट्या-वरवंट्याला उत्तम. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी. लहान खोलीत पाट्याला जागा नसेल तर लोखंडी खलबत्ता घ्यावा. ठेचा, लसूण, शेंगदाणे सगळे त्यात होते.

पाणी आणि धान्य

नळ रोज येत नाही अशा वस्तीत पाण्याच्या भांड्यांवर पैसा वाचवू नये. पिण्याचे पाणी वेगळे, वापरायचे वेगळे. पिण्यासाठी झाकणाची स्टीलची टाकी किंवा माठ, आणि त्यातून पाणी काढायला लांब दांडीचे वगराळे हवे. वगराळ्यामुळे पाण्यात हात बुडत नाही, आणि लहान मुलांचे जुलाब टाळायला एवढी साधी गोष्टही उपयोगी पडते. पाणी भरताना सुती कापडाची दुहेरी घडी तोंडावर बांधावी. पावसाळ्यात पाणी उकळून घ्यावे.

धान्याच्या डब्यांचे माप रेशनवरून काढावे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. दोघांचे १० किलो झाले. तेवढ्या गव्हाला साधारण १३ लिटरची जागा लागते. किराणा दुकानातून तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा आणून, गरम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून त्याला झाकण बसवून घेतले की झाली कोठी. नव्या सुनेचे नाव शिधापत्रिकेवर चढवायला मात्र विसरू नये, नाहीतर डबा असेल आणि धान्य नसेल.

एक गोष्ट जिव्हाळ्याने सांगतो. कापूस-सोयाबीनवर फवारायच्या औषधाचे डबे, कॅन, ड्रम घरात आणू नका. कितीही धुतले तरी त्यातले विष पूर्ण जात नाही. पाणी, धान्य, तेल यांपैकी काहीही त्यात ठेवू नये. रंगाच्या डब्यांचेही तेच. फुकट मिळालेले ते भांडे फार महाग पडते.

कुकर आणि गॅस

कुकर नवाच घ्यावा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआयची खूण असणे केंद्र सरकारने सक्तीचे केले आहे. खूण नसलेला कुकर कितीही स्वस्त असला तरी परत करावा. दोघांना ३ लिटरचा पुरतो. पण वर्ष-दोन वर्षांत घरात मूल येईल, सासू-सासरे येतील, हे धरून ५ लिटरचा घेतला तर दुसऱ्यांदा खर्च होत नाही. त्यात डबे ठेवून खाली वरण आणि वर भात एकदम होतो. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि डाळ-तांदूळ फुगतात व फेस येतो म्हणून ते अर्ध्यापर्यंतच घालावेत. शिटीचे भोक रोज उजेडात धरून पाहावे. कडेने वाफ निघू लागली की रबर बदलावे. सेफ्टी वॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा आणावा. तिथे तार, खिळा असले काही ठोकू नये.

गॅससाठी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. गरीब घरातल्या सज्ञान बाईच्या नावाने ही जोडणी दिली जाते. घरात आधी कोणाच्याच नावावर जोडणी नसावी, अशी अट आहे. वेगळी चूल मांडलेल्या सुनेने आपल्या गावच्या गॅस एजन्सीत सध्याचे नियम विचारून घ्यावेत. मोठा सिलिंडर १४.२ किलोचा, लहान ५ किलोचा. एकदम पैसे जमत नसतील त्यांना लहान सिलिंडर सोयीचा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. घेताना काट्यावर ठेवायला सांगावे आणि वजा करून गॅस किती ते पाहावे, तो आपला हक्क आहे. शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली जमिनीवर उभा ठेवावा. नळीवर छापलेली मुदत संपली की ती बदलावी. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

बांधकाम कामगारांचा भांड्यांचा संच

आपल्या समाजातले कितीतरी तरुण गवंडीकाम, सेंट्रिंग, खडी-वाळूची कामे करतात, बायाही माल वाहतात. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने २०२१ साली नोंदीत कामगारांसाठी गृहोपयोगी वस्तूंचा संच सुरू केला. ठरलेल्या यादीत ३० नग होते: ४ ताटे, ८ वाट्या, ४ पेले, झाकणाची ३ पातेली, भाताचा व वरणाचा एकेक चमचा, पाण्याचा जग, मसाल्याचा डबा, ३ मोठे डबे, परात, ५ लिटरचा स्टीलचा कुकर, कढई आणि वगराळ्यासह पाण्याची मोठी टाकी. वरच्या आमच्या हिशेबाशी ताडून पाहा. तवा, विळी, सांडशी सोडली तर जवळजवळ सगळे स्वयंपाकघर यात येते.

नोंदणीसाठी वय १८ ते ६० असावे लागते आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदीत कामगाराला स्वतःच्या पहिल्या लग्नाच्या खर्चासाठी ३०,००० रुपयांच्या मदतीचीही तरतूद मंडळाने केली होती. अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा बुलढाण्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी चौकशी करावी. मुख्य म्हणजे हा संच फुकट आहे. तो मिळवून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. ज्या तरुणाचे लग्न पुढच्या वर्षी ठरते आहे, त्याने नोंदणीचे काम आजच हाती घ्यावे.

अहेराची यादी करा

नातेवाईक अहेर देणारच. मग लग्नाआधी महिनाभर घरातल्या एका शिकलेल्या मुलीने वही घ्यावी, लागणाऱ्या वस्तू लिहाव्यात आणि मामा, मावशी, आत्या, मित्रमंडळ यांना विचारून एकेकाच्या नावापुढे एकेक वस्तू टाकावी. यात लाजण्यासारखे काही नाही. पाच तांब्यांच्या जागी एक तांब्या, एक तवा, एक कढई, एक परात आणि एक कुकर येईल. चौघांनी मिळून एक कुकर दिला तरी चालतो.

लग्न झाल्यावरही ती वही फेकू नये. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ साली केलेल्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची यादी करायची असते. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून खाली वधू-वर दोघांची सही घ्यायची. मुलीला मिळालेल्या वस्तू तिच्या स्वतःच्या मालकीच्या आहेत, नवरा किंवा सासर फक्त त्या सांभाळत असते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात दिला. उद्या काही वाईट प्रसंग आला आणि मुलीला लेकरासह माघारी यावे लागले, तर वहीतले ते एक पान तिच्या बाजूने बोलते. हौसेने आंदण देणारे आईबाप हे पान लिहायला विसरतात.

दोघांचे स्वयंपाकघर

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली होती. अध्यक्ष आपल्या वऱ्हाडातल्याच, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितले की, लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याची दासी होऊन राहू नका, त्याच्या बरोबरीची मैत्रीण व्हा. भांड्यांच्या बाजारातही हे लागू पडते. पैसे दोघांच्या मजुरीचे, तर बाजारही दोघांनी मिळून करावा. तवा किती जड असावा हे रोज भाकरी टाकणारीने ठरवावे. आणि तो भाकरी टाकायला शिकला तर तोही ठरवील. हंगामात दोघेही सूर्य मावळताना दमून येतात, तेव्हा एकाने पीठ मळले आणि दुसऱ्याने भाजी चिरली तर जेवण वेळेवर होते आणि भांडणही होत नाही.

आपल्याकडे नव्या भांड्यावर नाव घालण्याची पद्धत आहे. दुकानात मशीन असते, दोन मिनिटांचे काम. बहुतेक भांड्यांवर घरधन्याचे किंवा अहेर देणाऱ्याचे नाव असते. आमचे सांगणे आहे की, दोघांच्या कमाईतून आलेल्या पहिल्या गंजावर दोघांची नावे घाला आणि खाली तारीख घाला. ते भांडे रोख पैशाने घेतलेले असावे, म्हणजे त्यावरचे नाव कोणाला पुसता येणार नाही.